टायपिंग याचंच

मला कोणी समोर बसून शिव्या दिल्या, तर त्या मी एकही चूक न करता टाईप करून देईन. दोन प्रतींत. ही बढाई नाही, खोड आहे. अंबडच्या कोर्टासमोर पत्र्याच्या शेडखाली सतरा वर्षं माझं टेबल आहे. आधी टाईपरायटर होता, आता संगणक आणि प्रिंटर आहे, काम तेच. वकील सांगतात, मी टाईप करतो. दावा, कैफियत, शपथपत्र, मुदतीचा अर्ज. खरं कोण, खोटं कोण, याच्याशी बोटांना काही देणंघेणं नसतं. नवी फाईल उघडली की पहिलं काम तिला वकिलाचं नाव द्यायचं, नाहीतर संध्याकाळी चाळीस फायलींत कोणाची कोणती ते सापडत नाही. टायपिस्टचं नाव कुठंच नसतं. ते असावं असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

ज्या वकीलसाहेबांबद्दल मी सांगणार आहे, त्यांचा दावा हा माझा पहिला कागद. तेव्हा मी एकेक अक्षर शोधून दाबत होतो आणि साहेब सावकाश सांगत होते, एकेक शब्द तोडून, शाळेत श्रुतलेखन घालतात तसं. माझं लग्न ठरवायला ते स्वतः जाफराबादला आले होते, एसटीत उभं राहून. सोयरिकीच्या बैठकीत म्हणाले होते, "पोरगा माझा आहे, बाकी विचारू नका." माझ्या सासऱ्यांनी खरंच बाकी काही विचारलं नाही. हे एवढ्यासाठी सांगतो, की पुढं जे झालं त्यात मी मूर्ख ठरलो तरी उगाच मूर्ख नव्हतो. विश्वास ठेवायला मला कारण होतं.

वेबसाइट करायचं खूळ डोक्यात शिरलं ते शहागडच्या एका मावशीमुळं. दिराशी वाटणीचा दावा, वकील आमचेच साहेब. एका तारखेला ती आली ती वर्षापूर्वीचा सातबारा घेऊन. मी खेकसलो, "मावशी, सातबारा ताजा लागतो, जुना चालत न्हाई." दुसऱ्या खेपेला ताजा आणला, तर आधार कार्ड घरी. तिसऱ्या खेपेला सगळं होतं आणि साहेब जालन्याला होते. माझ्या टेबलाजवळच्या बाकावर बसून तिनं माझ्याच बाटलीतलं पाणी प्यायलं आणि विचारलं, "भाऊ, मी घरून निघायच्या आधी हे कोन्हीच सांगत न्हाई का?"

कोणीच सांगत नव्हतं. तारीख सरकारी साइटवर दिसते. पण तारखेला काय आणायचं, वकील गावात आहे की नाही, कुठं अंगठा लागतो, फोटो किती, हे सगळं फक्त एका माणसाला तोंडपाठ होतं. तो मी. सतरा वर्षं लोक काय विसरून येतात ते मी रोज बघत होतो. हे मोबाईलवर दिसलं पाहिजे, एवढंच मला वाटलं. दाव्याचा नंबर टाकावा, आणि खाली यावं: अमुक तारखेला या, हे हे आणा, साहेब आहेत.

साहेबांना सांगितलं तर ते खूश झाले. त्याच सुमाराला ते आणि आणखी सहा वकील मिळून कोर्टासमोर एकत्र कचेरी बांधत होते. साहेब म्हणाले, "तू हे कर. बिलकुल कर. शिक, लागेल तेवढा वेळ घे. कचेरीत एक खोली राहून राह्यली ना कोपऱ्यात, तिथं संगणक ठेवू. सातही जणांच्या तारखा तू सांभाळ. बैठकीत तुझं नाव मी मांडतो."

आमच्या शेडवर तेव्हा रस्ता रुंदीकरणाच्या खुणा पडल्या होत्या. लाल रंगाची फुली बरोबर माझ्या टेबलामागच्या खांबावर होती. वकिलांकडं आता स्वतःचे लॅपटॉप आले होते, बोलून टाईप करणारे मोबाईल आले होते. शेड गेलं की मी कुठं जाणार, हा प्रश्न मी घरी काढत नव्हतो आणि बायकोही काढत नव्हती. त्यामुळं ती कोपऱ्यातली खोली माझ्या डोक्यात बसली ती बसलीच. खिडकी कुठल्या बाजूला आहे ते मी बांधकाम चालू असतानाच जाऊन पाहून आलो होतो.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्ट बंद असतं. त्या दिवशी मी जालन्याच्या क्लासला जाऊ लागलो. एका बॅटरीच्या दुकानावर, वर, एका खोलीत. शिकवणारी मुलगी पंचविशीची असेल. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला काका म्हणायची. बाकीची सगळी पोरं कॉलेजातली. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं मी कोणाला तरी न्यायला आलोय.

मॅडम म्हणाल्या, वेबसाइटला तीन भाग असतात. लोकांना दिसतो तो समोरचा, मागं बसून काम करतो तो दुसरा, आणि माहिती जपून ठेवतो तो तिसरा. हे तिन्ही ज्याला येतं तो फुल-स्टॅक. मला एकदम कोर्टच दिसलं. समोर हॉल, मागं क्लार्क, आणि त्याच्या मागं रेकॉर्ड रूम. कॉलेजच्या पोरांना जे समजायला तीन शनिवार लागले ते मला बसल्या जागी कळलं आणि मी जरा फुगलो. त्यात समोरच्या भागाच्या कामात 'मार्जिन' हा शब्द निघाला. मार्जिन! आयुष्यभर मी दुसरं काय केलं? डावीकडं किती सोडायचं, वर किती, हे मला डोळे झाकून कळतं. माझं पहिलं पान बघून मॅडम म्हणाल्या, "काका, तुमचं पान सगळ्यांत नीट आहे." त्या दिवशी परतीच्या एसटीत मी कंडक्टरशी विनाकारण गप्पा मारल्या.

फुगा लवकर फुटला. सतरा वर्षं मी ज्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी टाईप केलं, ती अक्षरं वेबसाइटच्या पानावर येईनात. 'शपथपत्र' लिहावं आणि पानावर कंस, टक्के, डॉलर यांची खिचडी दिसावी. मॅडम म्हणाल्या, नवीन पद्धतीनं टाईप करायला शिकावं लागेल, कळफलकच वेगळा. म्हणजे जी एक गोष्ट मला जगात येत होती, तीच पुन्हा पहिलीपासून. दुपारी कोर्ट चालू असताना शेड ओस पडतं, तेव्हा मी बसून क, ख, ग शोधायचो. शेजारचा स्टॅम्पवाला म्हणायचा, "काय रे, लकवा मारला का बोटांना?" मी त्याला अशी उत्तरं दिली की तो दोन दिवस चहाला आला नाही.

मागच्या भागानं तर माझा जीव घेतला. दाव्यात चूक झाली तर दिसते, वकील खूण करतो, आपण दुरुस्त करतो. इथं एक कंस राहिला की पूर्ण पान मुकं. कुठं चुकलं सांगतंय ते इंग्रजीत, आणि ज्या ओळीत सांगतंय त्या ओळीत चूक नसतेच, वर कुठंतरी असते. एकदा मला फक्त शहागडच्या मावशीची तारीख बदलायची होती. कोणाची बदलायची हे त्या आज्ञेत लिहायचं राहिलं आणि एका फटक्यात दोनशे दहा पक्षकारांची तारीख एकच झाली. साइट तेव्हा लोकांसाठी चालू असती तर कोर्टात जत्रा भरली असती. मी कपाळावर हात मारून घेतला आणि मॅडम हसून हसून खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "आता हे तुम्ही जन्मात विसरणार नाही."

त्याच दिवशी त्यांनी आम्हाला नोंदीचा प्रोग्राम शिकवला. तुम्ही केलेला प्रत्येक बदल तो लिहून ठेवतो: काय बदललं, कधी बदललं, कोणी बदललं. चूक झाली की मागं जाता येतं. सुरू करताना तो दोन गोष्टी विचारतो, नाव आणि ईमेल. विचारतो एकदाच, मग कायम तेच लावतो.

मी साहेबांचं नाव टाकलं.

विचार करून नाही टाकलं. नवी फाईल उघडली, नाव विचारलं, बोटांनी सतरा वर्षांची सवय केली. ईमेलही साहेबांचाच, कारण तो मीच उघडून दिला होता, त्याचा पासवर्ड मलाच पाठ होता आणि साहेबांचे मेलही मीच वाचून दाखवायचो. जिथं हे सगळं इंटरनेटवर ठेवायचं, ते खातंही त्याच ईमेलवर. मॅडमनी मागून वाकून पाहिलं.

"काका, हे कोणाचं नाव?"

"साहेबांचं. काम त्यांच्यासाठी हाय ना."

"पण करून राह्यले तुमी. नोंद तुमच्या नावानं पाहिजे. उद्या कोणी विचारलं तर हेच एक दाखवायला असतं. बदलून घ्या जल्दी."

"घेतो," म्हणालो. घेतलं नाही. खरं सांगायचं तर हात धजला नाही. साहेबांचं नाव पुसून तिथं आपलं लिहायचं, म्हणजे त्यांच्या दारावरची पाटी काढून आपली लावल्यासारखं वाटलं. आणि विचारणार कोण? साहेब होते ना सांगायला.

तिथून पुढं आठ महिने लागले. साइट देखणी वगैरे नव्हती, पण नंबर टाकला की बरोबर तेच दाखवायची. कागदांची यादी मी माझ्या पद्धतीनं लिहिली होती. 'सातबारा ताजा आणा. जुना चालत नाही, नंतर वाद घालू नका.' 'आधार कार्ड आणा. घरी आहे म्हणून उपयोग नाही.' 'साहेब आज जालन्याला आहेत. उगाच येऊ नका, तिकिटाचा खर्चा वाचवा.' बायकोनं मोबाईलवर वाचून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हे तर तुमीच डाफरून राह्यले." तिच्या तोंडून एवढं कौतुक मी लग्नानंतर प्रथमच ऐकलं.

साहेबांनी पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "कमाल केली तू. आता बैठकीत सगळ्यांना दाखवायचं. त्या खात्याचा पासवर्ड काय टाकला तू, दे लिहून." मी लिहून नाही दिला. टाईप करून दिला, पानाच्या बरोबर मध्यभागी, ठळक अक्षरांत.

बैठकीच्या आदल्या दुपारी यादीत एक दुरुस्ती सुचली म्हणून खातं उघडायला गेलो. पासवर्ड चुकीचा, असं आलं. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा एका बोटानं, एकेक अक्षर बघत टाकला. माझ्या मनात काय आलं ते आठवलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. मला वाटलं, आपलीच बोटं चुकत असतील.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा फोन आला, "ये वर, लॅपटॉप घेऊन ये." मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. नवी कचेरी, अजून चुन्याचा वास. सातही वकील बसलेले, आणि साहेबांच्या शेजारी त्यांचा भाचा. पुण्यात इंजिनिअर आहे, चार दिवस सुटीवर आलेला. भिंतीवर माझी साइट मोठी करून लावली होती. वरची पट्टी मी हिरवी केली होती ती आता निळी होती. खाली एक ओळ नवी होती: निर्मिती, आणि पुढं भाच्याचं नाव.

भाचा बोलत होता. समोरचा भाग, मागचा भाग, माहितीचा साठा. चांगलं बोलत होता, माझ्यापेक्षा चांगलं. एका वकिलानं विचारलं, हे सगळं कधी केलं, तर त्यानं नोंदी उघडून दाखवल्या. आठ महिन्यांच्या नोंदी, ओळीनं. प्रत्येक ओळीसमोर साहेबांचं नाव. "मामा आणि मी मिळून करून राह्यलो होतो," तो म्हणाला. त्या ओळी मी वाचत होतो. ज्या दिवशी दोनशे दहा तारखा एक झाल्या, ती ओळ होती. ज्या दुपारी पहिल्यांदा 'शपथपत्र' नीट दिसलं, ती ओळ होती. माझ्या प्रत्येक दुपारवर दुसऱ्याचं नाव होतं, आणि ते मीच लिहिलं होतं.

मग त्यानं कागदांची यादी दाखवली. 'नंतर वाद घालू नका.' सगळे हसले. एक जण म्हणाला, "पुण्यात राहून बी भाषा सोडली न्हाई पोरानं." त्या खोलीतल्या सातही वकिलांनी मला रोज, वर्षानुवर्षं, हेच शब्द पक्षकारांवर खेकसताना ऐकलं होतं. सगळ्यांत ज्येष्ठ वकिलांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. त्यांना कळलं होतं, शंभर टक्के कळलं होतं. मग त्यांनी बशी उचलली आणि चहा फुंकत बसले.

मी म्हणालो, "साहेब, हे मी..."

साहेब गडबडले नाहीत. मोकळेपणानं हसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हो हो, ते राहिलंच सांगायचं. टायपिंग याचंच आहे सगळं. टायपिंगमध्ये याचा हात कोणी धरणार न्हाई."

आणि मला बोलता येईना. कारण ते खोटं नव्हतं. अक्षर न् अक्षर मीच टाईप केलं होतं. वकील माणूस, खरं तेवढंच बोलला आणि मला त्यात गाडून टाकलं. ओरडायला हवं होतं. मी माझ्या टेबलावर कोणाचं ऐकून घेत नाही, स्टॅम्पवाल्याला विचारा. पण 'पोरगा माझा आहे' म्हणणारा तो आवाज समोर होता.

"चल, बस," साहेब म्हणाले. "ठराव घे."

मला लॅपटॉप घेऊन बोलावलं होतं ते त्यासाठी.

साहेब सांगू लागले, सावकाश, एकेक शब्द तोडून, पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसंच. 'आजच्या बैठकीत सर्वानुमते ठरले की, सदर संकेतस्थळ माझे भाचे यांनी स्वतःच्या बुद्धीने व परिश्रमाने तयार केले असल्याने...' मी टाईप करत होतो. थांबायचं ठरवत होतो आणि बोटं पुढं जात होती. 'परिश्रमाने' या शब्दाला मी मान वर केली. साहेबांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी तो शब्द पुन्हा सांगितला.

प्रिंट काढली. साहेबांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली आणि सही केली. "बघा," बाकीच्यांना म्हणाले, "एक चूक न्हाई. म्हणून तर मी दुसऱ्याला बोलवत न्हाई."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "त्यांच्याच शब्दावर माझ्या बापानं मला दिलं होतं." त्या दिवसापासून आजतागायत तिनं साहेबांचं नाव काढलेलं नाही. मॅडमना मी फोन केला नाही. त्यांनी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडून ऐकायची माझ्यात हिंमत नव्हती. भाचा पुण्याला गेला, तिथूनच साइट सांभाळतो. कोपऱ्यातल्या खोलीत आता पाण्याचा फिल्टर आणि मोडक्या खुर्च्या आहेत. शेड अजून आहे, खांबावर फुलीही आहे.

साहेबांचं काम मी सोडलं का? नाही सोडलं. सोडीन असं मी बायकोला सांगितलं होतं. पण सकाळी ते टेबलाशी आले, "घे रे" म्हणाले, आणि मी घेतलं. याचा मला त्यांच्यापेक्षा स्वतःचा जास्त राग येतो.

मागच्या महिन्यात शहागडची मावशी आली. पिशवीतून एकेक कागद काढून तिनं टेबलावर मांडला. ताजा सातबारा. आधार. फोटो दोन, पाहिजेत तेवढेच. एकही कमी नाही. मी विचारलं, "मावशी, आज सगळं बराबर कसं काय?"

"सुनेनं मोबाईलवर पाह्यलं," ती म्हणाली. "तिनं वाचून दाखवलं ना, मी म्हणलं, अगं बाई, हा तर तो कोर्टापुढचा टायपिंगवाला भाऊ बोलून राह्यला. खाली नाव दुसरंच व्हतं म्हणे. पन मी वळखलं. मंग म्हणलं, आणते बाबा सगळं, न्हाईतर खेकसन."

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. ज्यांच्यासाठी सतरा वर्षं बोटं झिजवली त्या सात शिकलेल्या माणसांनी जे ओठांवर येऊ दिलं नाही, ते हिनं एका ओळीवरून ओळखून बोलूनही दाखवलं होतं. काहीतरी बोलायला हवं होतं. हो मावशी, मीच तो, एवढं तरी. ती माझ्याकडं बघत होती, मी म्हणेन म्हणून थांबली होती.

मी कागद सरळ केले. नवी फाईल उघडली. संगणकानं फाईलचं नाव विचारलं, आणि मी साहेबांचं नाव टाईप केलं.